उनबेकान्ट

वही खाकी पुठ्ठ्याची, पोस्टाच्या स्टेशनरीतली.
वडिलांनी फुकट उचलली नव्हती,
पैसे भरल्याची पावती अजून शेवटच्या पानाला टाचलेली आहे.
आत त्रेसष्ट नावं, देवनागरीत.
त्यातलं एकही माणूस आमच्यातलं नाही.

आम्ही पेझारकर. कोकणात तेल काढायचो,
शनिवारी घाणा बंद.
आमच्या दारावर कुणी कधी खडूनं खूण केली नाही.
गावानं फार तर नाव पाडलं, शनवार तेली,
आणि तेलाला पुन्हा आमच्याकडेच आलं.

नावं आहेत ती डॉक्टर ब्रौनरांची.
दातांचे डॉक्टर, व्हिएन्नाचे, लष्करात दवाखाना.
दात काढायची खुर्ची बोटीतून आली,
माणसं राहिली.
युद्ध संपल्यावर त्यांनी पत्रं लिहायचा सपाटा लावला
आणि ती एकेक करून परत यायला लागली,
तीन-तीन देशांचे शिक्के खाऊन.
वडील आर.एम.एस.मध्ये, रात्रपाळीला.
ती पाकिटं ते पिशवीत टाकायचे नाहीत.
सकाळी सायकलवरून स्वतः नेऊन द्यायचे
आणि चहा घेतल्याशिवाय उठायचे नाहीत.

एकाहत्तर साली, ससूनच्या कॉटवर,
दोन दुपारी डॉक्टर सांगत गेले, वडील लिहीत गेले.
ऐकू येईल तसं. मध्ये काही विचारलं नाही.
पोस्टातल्या माणसानं
दुसऱ्याच्या मजकुरात बोलायचं नसतं.

तेव्हापासून निसानच्या सत्ताविसाव्या रात्री
रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये ही वही उघडते.
काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यावर वात.
पूर्वी बाकं भरायची. आता बरेचजण लोदला, दिमोनाला,
उरलेल्यांचे गुडघे.
वडिलांचं अक्षर मला एकटीलाच लागतं,
म्हणून मी वाचते.

ईडा ब्रौनर. याकोब ब्रौनर.
मार्टा केस्टन. हुगो केस्टन.
उनबेकान्ट केस्टन, महिने दोन.

हे नाव तीनदा येतं.
आम्हाला वाटायचं, त्यांच्याकडे आवडीचं असेल,
जसं आमच्या घरात पिढीआड एक हनोख.
महिने दोन, म्हणून आई
त्याची वात जरा लांब वळायची.
रात्र काढायला हवी, म्हणायची, लहान आहे.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरची ऋजुता
माझी पिशवी धरायला बरोबर आली.
रानडेत जर्मन शिकते.
परतताना केईएमच्या कोपऱ्यापर्यंत गप्प,
मग म्हणाली, मावशी, ते नाव नाहीये.
त्याचा अर्थ, माहीत नाही.

पन्नास वर्षं आम्ही सगळे
‘माहीत नाही’साठी उभे राहत होतो.

वडिलांनी नोकरीत हेच शब्द
लाल पेन्सिलीनं किती पाकिटांवर लिहिले असतील.
बहिणीला मूल झालं एवढं डॉक्टरांना कळलं होतं.
नाव ज्या पत्रात होतं
ते पत्र पोचलं नाही.

सेक्रेटरी नेहेम्याभाई म्हणाले, चूक आहे तर खोडू.
मी काही बोलले नाही. मला नवगाव आठवलं.
आमचं गलबत तिथं फुटलं, सात बाया सात पुरुष वाचले,
बाकीच्यांची किनाऱ्यावर दोन टेकाडं,
एक बायांचं, एक पुरुषांचं.
आठ वर्षांची असताना विचारलं होतं, यात कोण आहे?
आजोबांनी टोपी सारखी केली.
आपले, म्हणाले,
आणि पुढे चालायला लागले.

खोडलं नाही.

आता ऋजुताला वडिलांचं अक्षर लावायला शिकवते आहे.
त्यांचा ‘झ’ फसवतो, बाकी येतं तिला.
काल तिनं ते नाव वाचलं, अगदी जर्मन वळणानं, शुद्ध.
मी म्हटलं, तसं नको.
आमच्यासारखं वाच, पोस्टातल्यासारखं, ‘ट’वर जोर देऊन.
त्या पोराला
हाक तेवढीच ओळखीची आहे.